जुनी गाडी घ्यायची, पण बघायची कशी?

आज पासबुक, हप्ते, अंतर्गत कर्ज यातलं काही बोलणार नाही. आज गाडीचं बोलायचं आहे.

आमच्या प्रभागात गेल्या काही महिन्यांत बैठकीला गेले की एक विषय हमखास निघतो. शेंगदाण्याची चटणी झाली, पापड झाले, बेदाण्याची पाकिटं झाली, पण हे सगळं प्रदर्शनाला न्यायचं कसं? दर वेळी गाडी भाड्यानं करायची म्हणजे विक्रीतला निम्मा नफा रस्त्यातच जातो. मग कुणीतरी म्हणतं, आपणच एखादी जुनी गाडी घेऊ या. नवी आठ-दहा लाखांची झेपणार नाही, पण जुनी चार-साडेचारात मिळते. आणि घ्यायचीच तर उंच घेऊ, म्हणजे आपल्या रस्त्यांवर खाली घासणार नाही. या उंच, आखूड गाड्यांनाच बाजारात कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. ब्रेझा, नेक्सॉन, इकोस्पोर्ट, व्हेन्यू या सगळ्या त्यातल्याच. यांची लांबी चार मीटरच्या आत असते. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांना कर कमी लागतो, म्हणून कंपन्यांनी त्या तेवढ्याच मापात बसवल्या.

विचार चांगला आहे. पण चार-साडेचार लाख म्हणजे आपल्या गटाची किती वर्षांची बचत असते ते तुम्हाला माहीत आहे. आपण म्हैस घेताना चारदा धार काढून बघतो, दात बघतो, कुठल्या दावणीची आहे ते विचारतो. गाडी घेताना मात्र एजंटनं बोनेटला पॉलिश मारलेलं असलं की आपण इसार देऊन मोकळ्या होतो. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

आधी कामाचं ठरवा. आठवड्याला वीस पोती न्यायची असतील तर ही गाडी तुमच्या कामाची नाहीच. त्यासाठी छोटा टेम्पो घ्यावा, तोही व्यावसायिक नोंदणीचा. ब्रेझाची डिकी ३२८ लिटरची आहे. त्यात चटणीच्या बरण्यांचे खोके नीट रचून बसतात, मागचं सीट पाडलं तर आणखी बसतात, पण ती माणसांची गाडी आहे. पाच जणी आणि त्यांचा माल, प्रदर्शनाचा स्टॉल, तालुक्याला बँकेत जाणं, रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला दवाखान्यात नेणं, एवढं काम असेल तर ही गाडी उपयोगी पडेल.

दुसरं म्हणजे डिझेल की पेट्रोल. गावात सगळे सांगतात डिझेल घ्या, ॲव्हरेज चांगलं. आपण हिशेब करू. डिझेल ९० रुपये धरा, पेट्रोल १०४. डिझेल गाडी आपल्या रस्त्यांवर लिटरला १८ देते असं धरा, पेट्रोल १४. महिन्याला हजार किलोमीटर चाललात तर डिझेलला साधारण पाच हजार रुपये लागतील आणि पेट्रोलला सात हजार चारशे. म्हणजे चोवीसशे वाचले. पण बहुतेक गटांची गाडी महिन्याला पाचशे किलोमीटरसुद्धा चालत नाही. मग वाचतात बाराशे, वर्षाचे चौदा-पंधरा हजार. आणि जुन्या डिझेल इंजिनचं एक मोठं काम निघालं, इंजेक्टरचं किंवा टर्बोचं, की दोन-तीन वर्षांची ती बचत एका दिवसात गेली. माझं मत असं की महिन्याला हजारच्या वर चालणार असेल तरच डिझेल बघा.

आता आपल्याकडे जुन्या बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती मारुतीची व्हिटारा ब्रेझा. ती मार्च २०१६ मध्ये आली आणि सुरुवातीची चार वर्षं फक्त डिझेलमध्येच मिळत होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ चे नियम आले तेव्हा मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या आणि ब्रेझाला दीड लिटरचं पेट्रोल इंजिन दिलं. म्हणजे आज तुम्हाला कुणी डिझेल ब्रेझा दाखवली तर ती कमीत कमी २०२० च्या आधीची बनावट आहे, हे लक्षात ठेवा. 'अगदी नवीच आहे ताई' असं कुणी म्हटलं तरी.

ते डिझेल इंजिन १२४८ सीसीचं, मूळ फियाट कंपनीच्या रचनेचं. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा यांतही तेच होतं. त्याचा मोठा फायदा असा की तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला ते माहीत आहे आणि सुट्टे भाग सहज मिळतात. या इंजिनला टायमिंग बेल्ट नसून चेन असते, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. पण चेन टिकते ती तेलावर. मागच्या मालकानं ऑइल वेळेवर बदललं नसेल, पातळी कमी ठेवून गाडी पळवली असेल, तर चेन सैल होते. सकाळी थंड इंजिन सुरू केल्याबरोबर पहिले काही क्षण पुढून खडखड आवाज आला तर तीच शंका घ्यायची. हे काम छोटं नसतं.

टर्बो या इंजिनचा जीव आहे. गाडी दोन हजार आरपीएमच्या खाली जरा सुस्त वाटते, तो दोष नाही, तो या गाडीचा स्वभावच आहे. चढावर खालचा गिअर टाकावा लागतो. पण त्याच्या वर गेल्यावरही जोर येत नसेल, शिट्टीसारखा मोठा आवाज येत असेल किंवा मागून निळसर धूर येत असेल, तर टर्बो किंवा इंजिनच तेल पीत आहे. काळा धूर भसाभस येत असेल तर इंजेक्टर किंवा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं भरलेला असू शकतो. धुराचे रंग सगळ्या डिझेल गाड्यांना लागू आहेत. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही येतच राहिला आणि पाणीही कमी होत असेल, तर पाणी इंजिनच्या आत जात असल्याची शंका येते. अशी गाडी कितीही स्वस्त असो, घ्यायची नाही.

या गाडीत आणखी एक गोष्ट वारंवार दिसते, ती म्हणजे पुढच्या चाकांकडून येणारा कटकट आवाज. गतिरोधकावरून हळू जाताना, खड्ड्यात चाक उतरताना येतो. बहुतेक वेळा लिंक रॉड, बुश किंवा शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगचं काम असतं. आपल्या रस्त्यांवर चाललेल्या कुठल्याही गाडीला ते निघतंच. घाबरून सौदा मोडायची गरज नाही, पण तेवढे पैसे कमी करून घ्यायचे. स्टिअरिंगमधून आवाज असेल तर मात्र मिस्त्रीकडून नीट बघून घ्या.

क्लच बघायची एक सोपी रीत आहे. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढा, पुढेमागे कुणी उभं नाही ना ते बघा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच चांगला. इंजिन फिरतच राहिलं तर क्लचप्लेट घासलेली आहे. घाटात माल भरून गेलात तर जळका वास येईल आणि गाडी तिथेच थांबेल.

डिझेलचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट इथेच सांगते. २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी अडवते आणि गाडी लांबवर एका वेगानं चालली की ती काजळी आतल्या आत जाळून टाकते. पण गाडी रोज घर ते बाजार, बाजार ते घर अशी चार-पाच किलोमीटरच चालली, तर ती गाळणी कधी गरमच होत नाही आणि तुंबते. डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी जोर देत नाही. नवी बसवायची म्हणजे खर्च मोठा. म्हणून गावातल्या गावात फिरणाऱ्या गटानं बीएस६ डिझेल घेऊच नये असं मी सांगते. घेतली असेल तर आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास चालवून आणा.

२०२० नंतरची पेट्रोल ब्रेझा त्या मानानं साधी. टर्बो नाही, गाळणीची कटकट नाही. पेट्रोल जास्त पिते, पण बिघडते कमी. फक्त एक, आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. ॲव्हरेज थोडं घटतं, आणि जुन्या गाडीचे इंधनाचे रबरी पाइप मिस्त्रीला सांगून बघून घ्यावेत, कुठे फुगलेत का, भेगा आहेत का.

दुसरी गाडी स्वस्तात दाखवतात ती फोर्डची इकोस्पोर्ट. चालवायला भक्कम, हायवेला जमिनीला धरून चालणारी. ही गाडी आपल्याकडे २०१३ साली आली. पण सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनं भारतातलं गाड्यांचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिचा भाव पडला तो त्यामुळे. सर्व्हिस आणि सुट्टे भाग मिळतात, पण प्रत्येक तालुक्यात मिळत नाहीत. पुण्या-कोल्हापुरात राहणाऱ्याला ती परवडेल. आटपाडीत एक सेन्सर गेला आणि आठ दिवस गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली, तर आपला स्टॉल कोण लावणार? शिवाय तिच्या डिझेल इंजिनला टायमिंग बेल्ट असतो. तो बदलला आहे का, बिल आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण तो तुटला तर इंजिनच्या आतले भाग एकमेकांवर आपटतात. एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनला पाण्याचे पाइप गळून इंजिन तापण्याची तक्रार ओळखीची आहे. आणि सुरुवातीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स तर जगभर बदनाम झाला. ती ऑटोमॅटिक फुकट मिळाली तरी नको, असं आमच्याकडचा मिस्त्री म्हणतो, आणि मला ते पटतं.

टाटाची नेक्सॉन सप्टेंबर २०१७ ची. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला डिसेंबर २०१८ मध्ये पाच स्टार मिळाले. ब्रेझाला त्याच वर्षी चार मिळाले होते. पत्रा मजबूत, जमिनीपासून उंची चांगली. तक्रारी असतात त्या किरकोळ पण चिवट, म्हणजे स्क्रीन अडकते, सेन्सरचा दिवा लागतो, दाराची काच कुरकुरते. घेताना प्रत्येक बटण दाबून बघा. चारही काचा, वायपर, एसी, रिव्हर्स कॅमेरा. एअरबॅगचं मात्र सगळ्याच गाड्यांत बघायचं. जुन्या स्वस्त व्हेरियंटमध्ये ड्रायव्हरशेजारच्या माणसासमोर एअरबॅग नसतेही. आपल्याकडे पुढच्या सीटवर मांडीवर लेकरू घेऊन बसायची पद्धत आहे, ती या गाडीत मोडावीच लागेल. लेकरू मागे बसवा.

गिअरचं एवढंच सांगते. गावाकडे जुनी गाडी घेताना साधा, हातानं टाकायचा गिअर घ्या. ऑटोमॅटिक वाईट नसते, पण बिघडली तर आपल्या मिस्त्रीच्या हातातलं काम नाही.

आता गाडी बघायला जायचं. सकाळी लवकर जा, आणि एजंटला सांगून ठेवा की आम्ही यायच्या आधी गाडी सुरू करायची नाही. पोहोचल्यावर पहिलं काम, बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्यानं आधीच सुरू करून ठेवली आहे. का, ते त्यालाच विचारा. थंड इंजिन खोटं बोलत नाही. सुरू करायच्या आधी ऑइल भरायच्या जागेचं झाकण उघडून आतून बघा. ताकासारखा पांढरट थर दिसला तर तेलात पाणी मिसळल्याची शंका आहे. डिपस्टिक काढून दोन खुणांच्या मध्ये तेल आहे का बघा. कूलंटच्या डब्यात रंगीत पाणी हवं, गंजलेलं तांबडं नको.

टायरवर एक चार आकडी छाप असतो, लांबटगोल चौकटीत. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हे आकडे वाचायला मेकॅनिक लागत नाही. आता गंमत बघा. गाडी २०१७ ची, काट्यावर ३२ हजार किलोमीटर, आणि चारही टायर २०२३ चे. तीस हजारात कुणी चार टायर बदलतं का? कधी बदलतंही, पण बहुधा काटा मागे फिरवलेला असतो. मग ब्रेक-क्लचच्या पायपट्टीचं रबर बघा, स्टिअरिंग गुळगुळीत झालंय का बघा, ड्रायव्हरचं सीट खचलंय का बघा. हा सगळा पुरावा काट्यापेक्षा खरा. आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला सोबत घेऊन जा. गाडीच्या नंबरावरून तिथली सगळी जुनी सर्व्हिस निघते, कुठल्या तारखेला किती किलोमीटर होते तेही. तिथेच चेसिस नंबर देऊन विचारा की या गाडीला कंपनीचं एखादं रिकॉल बाकी आहे का. रिकॉलचं काम कंपनी फुकट करून देते, आणि हे आपल्याला कुणी आपणहून सांगत नाही.

पुराच्या गाडीबद्दल आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पाणी आलं, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलं. कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यातल्या काही धुऊन पुसून लांबच्या जिल्ह्यांत विकायला गेल्या. अशी गाडी पहिले काही महिने बरी चालते, मग वायरिंग कुजायला लागतं आणि रोज वेगळा दिवा लागतो. ओळखायचं कसं? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वर रोज दिसणारा भाग धुतलेला असतो, पण आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटच्या खालच्या लोखंडी पट्ट्यांवर हात फिरवा, गंज आणि बारीक गाळ हाताला लागतो. स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात बघा. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा आणि वास घ्या. ओल्या घोंगडीचा वास अत्तरानं जात नाही. आणि गाडीत नको इतकं अत्तर मारलेलं असेल तर तोही एक इशाराच समजा.

एवढं सगळं बघूनही आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्यायचाच. त्याची दिवसाची मजुरी द्या, फुकट नेऊ नका. फुकट आलेला माणूस एजंटचा चहा पिऊन येतो. गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघायला सांगा. पुढची मडगार्ड आणि बोनेट ज्या नटांनी धरलेलं असतं त्यांचा रंग पान्यानं उडाला असेल, तर ते कधीतरी उघडलंय. का उघडलं, अपघात झाला होता का, ते विचारायचं.

आता कागद. गाडी चांगली आणि कागद वाईट, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. आमच्या शेजारच्या एका गावातल्या गटानं एजंटकडून गाडी घेतली, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केली, आणि समजलं की काम झालं. आठ महिन्यांनी कळलं की आरसीवर अजून बँकेचा बोजा आहे आणि मूळ मालकानं हप्ते थकवले आहेत. बँकेची माणसं गाडी न्यायला आली. त्या बायकांनी पैसे पूर्ण दिले होते, कागद मात्र एकही त्यांच्या नावाचा नव्हता.

नोटरीनं गाडी नावावर होत नाही. आरटीओत नाव बदललं तरच होते. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात, त्यावर विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दोघांच्याही सह्या. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरतो. दुसऱ्या आरटीओच्या पासिंगची असेल तर ना-हरकतीसाठी फॉर्म २८. गाडी परराज्यातली असेल तर महाराष्ट्रात पुन्हा रोड टॅक्स भरावा लागतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर कोर्टाच्या आदेशानं निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. स्वस्त दिसतात, पण टॅक्स आणि कागदांची धावपळ धरली तर फार फरक उरत नाही.

आणि हे विकणाऱ्यालाही लागू आहे. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्या दारात येते. म्हणून तुमच्या घरची जुनी गाडी विकतानाही नाव बदलून दिल्याशिवाय सोडू नका.

इसार द्यायच्या आधी मोबाइलवर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे का, हे दिसतं. ई-चलन बाकी आहे का तेही बघा आणि ते मालकालाच भरायला लावा. २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे ना ते बघा. फास्टॅग मूळ मालकाच्या नावावरचा असेल तर तो बंद करून आपला घ्या. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी हवी. नोंद नसेल तर विमा कंपनी हात वर करते.

विम्याचं बारीक पण महत्त्वाचं. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचं संरक्षण आपोआप पुढे येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. मूळ मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, त्यामुळे विमा थोडा महाग होईल, ते हिशेबात धरा.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, ज्यावरून गट फुटतात. गाडी कुणाच्या नावावर? आपला बचत गट साधारणपणे वेगळी नोंदणी झालेली संस्था नसतो, त्यामुळे आरसी एका व्यक्तीच्याच नावावर होते. बहुतेक ठिकाणी ती होते अध्यक्षांच्या मालकांच्या नावावर, कारण 'गाडीचं त्यांना कळतं'. पैसे दहा जणींचे, नाव एका पुरुषाचं. पुढे भांडण झालं तर कायद्यानं गाडी त्याची. माझं स्पष्ट सांगणं आहे की गाडी गटातल्या एका सदस्य ताईच्याच नावावर घ्या, आणि जिच्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स आहे अशीच्या. एक कारण असं की मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात विमा संरक्षण लायसन्स असलेल्या मालकालाच मिळतं. नाव लावायच्या आधी ठराव पुस्तकात लिहा की रक्कम कुणाकुणाची किती, गाडी गटाच्या कामासाठी आहे, कुणी सदस्य बाहेर पडली तर तिचा वाटा कसा ठरणार, गाडी विकायची झाली तर किती जणींची संमती लागेल. सगळ्यांच्या सह्या घ्या आणि हा ठराव साध्या करारात उतरवून घ्या. ग्रामसंघ किंवा तुमची उत्पादक कंपनी नोंदणीकृत असेल तर तिच्या नावावर घेता येते का, ते आधी विचारा. ते सगळ्यात बरं.

आणि भाडं मारायचा मोह. गाडी रिकामी उभी आहे, वऱ्हाडाला देऊ, दोन पैसे सुटतील. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं घेऊन माणसं किंवा माल नेता येत नाही. विनापरवाना धंद्यासाठी कायद्यात १० हजार रुपये दंडाची तरतूद आहे, पण दंड हा लहान भाग. भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि भरपाई जिच्या नावावर गाडी आहे त्या ताईच्या डोक्यावर येते. तिचं घर, तिची जमीन. आजारी माणसाला दवाखान्यात सोडणं वेगळं, त्याचे पैसे घेऊ नका. भाड्याचाच धंदा करायचा असेल तर पिवळ्या पाटीची गाडी रीतसर घ्या.

शेवटी पैशाचं. समजा गटाकडे पाच लाख आहेत. मग पाच लाखांची गाडी बघायची नाही, साडेचारची बघायची. राहिलेले पन्नास हजार गटाच्या खात्यात वेगळे ठेवायचे, त्याला हात लावायचा नाही. आमच्याकडच्या गॅरेजमध्ये मी भाव विचारून ठेवलेत. चार टायर पंचवीस हजारांच्या आसपास, बॅटरी पाच-सहा हजार, क्लचचं काम मजुरीसकट पंधरा-वीस हजार. जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या वर्षात यातलं एखादं निघतंच, ती कितीही चांगली असो. घेतल्या दिवशी मागच्या मालकावर विश्वास न ठेवता ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल असेल तर डिझेल फिल्टर बदलून टाका. मग पुढे दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा. आणि एक वही गाडीतच ठेवा. कोण घेऊन गेलं, काटा किती होता, इंधन किती भरलं. आपण पासबुक लिहितो तसंच हेही लिहायचं.

आणि गाडी चालवायला शिका. ड्रायव्हर ठेवला तर त्याचा पगार गाडीच्या हप्त्याएवढा होतो. आमच्या प्रभागात तिघींनी लायसन्स काढलंय. त्यातल्या एका ताईंचं वय पन्नास आहे आणि त्या रिव्हर्स माझ्यापेक्षा चांगला घेतात.

टायरवरचा आकडा कसा वाचायचा, क्लच कसा बघायचा, हे ज्या गटांना प्रत्यक्ष बघायचं असेल त्यांनी आपल्या मासिक बैठकीत सीआरपी ताईंकडे नाव द्यावं. पाच गटांची नावं झाली की मिस्त्रीला घेऊन एका गावात सकाळी जमू. येताना कुणाच्या घरची जुनी गाडी असेल तर घेऊन या, मात्र सुरू न करता आदल्या रात्रीच तिथे आणून लावा.